फिटरचे सर प्रशिक्षणाला गेलेत

आयटीआयच्या शिल्प निदेशकाविषयी सरकारदरबारी एक गाढ श्रद्धा आहे. कानस चालवणं, लेथवर आटे पाडणं, उभ्या सांध्याचं वेल्डिंग करणं हे सगळं त्याला जन्मजात येतं, त्यात नव्याने शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. येत नाही ते बाकीचं. ताणतणावाचं व्यवस्थापन त्याला जमत नाही. भावनिक बुद्धिमत्तेत तो कच्चा आहे. एकविसाव्या शतकातली कौशल्यं म्हणून जी काही असतात, ती त्याच्याकडे औषधालाही सापडत नाहीत. आणि गेल्या वर्षा-दोन वर्षांत असंही निदर्शनास आलंय की त्याच्यापाशी कृत्रिम बुद्धिमत्ताही नाही. अशा माणसाच्या हाती राज्यातल्या चारशेहून जास्त सरकारी आयटीआयमधली पोरं सोपवायची म्हणजे जोखीमच. म्हणून त्याला प्रशिक्षणाला पाठवतात.

पूर्वी हा हंगाम फेब्रुवारी-मार्चात यायचा. निधी ३१ मार्चला व्यपगत होतो, तेव्हा निदेशकाची क्षमता त्याच्या आत वाढवून घ्यावी लागते, एवढं साधं गणित होतं. आता क्षमता बारमाही वाढते. सभागृहात वाढते, ऑनलाइन वाढते, रविवारी सकाळी ‘सर्वांनी कॅमेरे चालू ठेवावेत’ अशा तंबीनेही वाढते. इकडे जोडारीच्या कार्यशाळेत फळ्यावर खडूने ओळ उमटते : ‘फिटरचे सर प्रशिक्षणाला गेलेत. मुलांनी टर्नरच्या सरांकडे बसावे.’ टर्नरच्या सरांकडे त्यांची स्वतःची वीस पोरं असतात. त्यात ही वीस मिळाली की चाळीस पोरं आणि चालू स्थितीतले लेथ चार. त्या आठवड्यात लेथला कोणी हात लावायचा नाही, हा सरांचा दंडक. कोणाचं बोट गेलं तर चौकशी कोणाची लागणार? मग फिटरची पोरं वृक्षारोपणातल्या झाडांना पाणी घालतात. पुढच्या आठवड्यात टर्नरचे सर प्रशिक्षणाला जातात आणि झाडांना दुप्पट पाणी मिळतं. काही आयटीआयची आवारं एवढी हिरवीगार कशी, असं कोणाला वाटत असेल तर त्यामागे मनुष्यबळ विकासाचं हे भरीव काम आहे.

आमच्या ओळखीचे फिटरचे सर नुकतेच अशी पाच दिवसांची क्षमतावृद्धी करून आले. येताना एक फोल्डर, एक पेन, गळ्यातलं ओळखपत्र आणि सभागृहातल्या एसीचा खोकला घेऊन आले. त्यांच्या तोंडून जे ऐकलं ते इथे देतो. संस्थेचं नाव आणि गाव त्यांच्या पेन्शनच्या हितासाठी गाळलं आहे.

पहिला दिवस दीपप्रज्वलनात गेला. प्रमुख पाहुणे यायचे होते अकराला, आले पाऊण वाजता. समई काही पेटेना, कारण डोक्यावर पंखा. शेवटी वीजतंत्रीचे सर उठले, चार बटणं चाचपून त्यांनी नेमका तो पंखा बंद केला. पाच दिवसांत कुठल्याही ट्रेडने केलेलं ते एकमेव प्रात्यक्षिक. टाळ्या मात्र पाहुण्यांना पडल्या.

जेवणानंतर अपेक्षावृक्ष झाला. प्रशिक्षणांचा ज्यांना अनुभव आहे त्यांना हे झाड ठाऊक असतं. चार्टपेपरवर स्केचपेनने एक खोड काढलेलं असतं आणि प्रत्येकाने आपली अपेक्षा पानाच्या आकाराच्या चिठ्ठीवर लिहून तिथे डकवायची असते. फिटरच्या सरांनी लिहिलं, ‘सीएनसी मशीनवर दोन दिवस स्वतः काम करायला मिळावं.’ टर्नरच्या सरांनी लिहिलं, ‘कुठल्या धातूला कुठला कार्बाइड इन्सर्ट, हे समजावं.’ वीजतंत्रीच्या सरांना मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह उघडून पाहायचा होता. पोरं कारखान्यातून येऊन त्याच्याबद्दल विचारतात आणि सर विषय बदलतात. कोपाच्या, म्हणजे संगणकाच्या ट्रेडच्या, मॅडमनी लिहिलं, ‘पाच वाजता सोडावे, गाडी आहे.’ पाचव्या दिवशी समन्वयकांनी झाडाकडे बोट दाखवून विचारलं, ‘यातल्या किती अपेक्षा पूर्ण झाल्या, ते मनातल्या मनात मोजा.’ सगळ्यांनी मनातल्या मनात मोजलं. फक्त मॅडमचा चेहरा उजळला.

मधले तीन दिवस विषयांचे होते. ‘परिणामकारक प्रात्यक्षिक कसे द्यावे’ हा तास तर सरांच्या खास जिव्हाळ्याचा. व्याख्याते व्यवस्थापनशास्त्रातले होते. प्रात्यक्षिक कसं द्यावं हे त्यांनी चौसष्ट स्लाइडवर सांगितलं, आणि स्लाइडवर जे होतं ते वाचूनही दाखवलं, कारण मागच्या रांगेतल्यांना दिसत नव्हतं.

आता थोडं विषयांतर करतो, कारण विषय खरोखर चांगला आहे. चार्ल्स ॲलन नावाचे एक अमेरिकन गृहस्थ पहिल्या महायुद्धाच्या काळात जहाजं बांधणाऱ्या गोद्यांसाठी कामगार झटपट तयार करायच्या खटपटीत होते. गोदीतल्या मुरलेल्या कारागिराला शिकवायला कसं शिकवायचं, यावर त्यांनी १९१९ साली एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि धड्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : पूर्वतयारी, सादरीकरण, उपयोजन, चाचणी. शंभराहून जास्त वर्षं झाली, पण आपल्याकडे निदेशकांचा वर्षभराचा सीआयटीएस अभ्यासक्रम जो कोणी करतो, त्याच्या पाठाच्या वहीत आजही याच चार पायऱ्या असतात. पहिली दोन कामं शिक्षकाची, तिसरं शिकणाऱ्याचं, चौथं दोघांचं. तिसरी पायरी काढली की उरतं ते भाषण.

व्याख्यात्यांनीही या चार पायऱ्या घेतल्या. पूर्वतयारी : पेन ड्राइव्ह उघडेना. सादरीकरण : वर सांगितलंच. उपयोजन : ‘वेळेअभावी हा भाग आपण पुढे घेऊ.’ चाचणी : समोरचा क्यूआर कोड स्कॅन करा आणि गूगल फॉर्म भरा. सरांना वीसपैकी एकोणीस मिळाले. एक गुण गेला तो स्वतःच्या जिल्ह्याचं नाव इंग्रजीत भरताना.

खरं तर तिसऱ्या पायरीवाचून सरांचा एक दिवस जात नाही. नवं पोरगं व्हाइसपुढे उभं राहिलं की सर आधी त्याच्या कोपराकडे बघतात. व्हाइसचा जबडा कोपराच्या पातळीत हवा. बुटक्या पोराला पायाखाली फळी द्यावी लागते. कानस पुढे जाताना दाब द्यायचा, मागे येताना सोडायचा. पुढे जातानाही सुरुवातीला टोकाकडच्या हाताचा जोर जास्त, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा आणि शेवटी मुठीकडच्या हाताचा. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं आणि हातात यायला महिना. पोरगं दोन्ही हातांनी सारखंच रेटत राहतं आणि तासाभराने माइल्ड स्टीलच्या तुकड्याला मधोमध पोट येतं. सर त्यावर ट्राय स्क्वेअर टेकवून तुकडा खिडकीकडे धरतात. दोन्ही कडांपाशी उजेडाची बारीक फट दिसते. ती पोराला दिसली की अर्धं काम झालं. मग सर त्याच्या हातांवर आपले हात ठेवतात आणि चार फेऱ्या मारतात, बोलत काही नाहीत. पाठमोरे असले तरी कोणाची कानस कापतेय आणि कोणाची नुसती घसरतेय, हे त्यांना आवाजावरून कळतं. या माणसाला ‘कृतीयुक्त अध्यापन’ म्हणजे काय ते पाठीला पाठ लावून बसवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर समजावलं गेलं.

शैक्षणिक मानसशास्त्राच्या तासाला ब्लूम आले. ब्लूम येतातच, त्यांच्याशिवाय भत्ता मंजूर होत नाही असा समज आहे. ब्लूम आणि मंडळींनी १९५६ साली ज्ञानाच्या सहा पायऱ्या मांडल्या. हाताच्या कौशल्याचा भाग मात्र त्यांनी तसाच सोडला होता. तो पुढे ज्यांनी भरून काढला त्यांत आपले आर. एच. दवे होते. १९७० साली त्यांनी मांडलेला क्रम मराठीत सांगायचा तर असा : अनुकरण, हाताळणी, अचूकता, मेळ आणि शेवटी सहजता. फिटरच्या सरांचा सगळा धंदा या पाच शब्दांत बसतो. स्लाइडवर मात्र ब्लूमचा सप्तरंगी पिरॅमिड होता आणि हातांविषयी एवढंच लिहिलं होतं की सर्वांनी हात वर करून प्रतिसाद द्यावा.

चौथ्या दिवशी आभासी वेल्डिंगचे चष्मे आले. सिम्युलेटर ही चीज वाईट मुळीच नाही. नवख्या पोराचे रॉड वाचतात, डोळे वाचतात, धूर छातीत जात नाही. पण तिथे चष्मा चढवला गेला तो वेल्डरच्या सरांना. सरांनी तरुणपणी साखर कारखान्यात बॉयलरच्या नळ्या जोडल्या आहेत. ते आर्क डोळ्यांइतकाच कानांनी जोखतात; रॉडचं अंतर बरोबर असलं की भजी तळल्यासारखा सलग आवाज येतो, चुकलं की तुटक फुटाणे. चष्म्यातून आवाज येत होता तो उत्साहवर्धक संगीताचा. सर नापास झाले. कंपनीच्या प्रतिनिधीला मात्र त्र्याण्णव टक्के. त्याने जन्मात रॉड पेटवलेला नाही, पण मोबाइलवर बऱ्याच लढाया जिंकल्या आहेत. वेल्डरच्या सरांनी चष्मा काढला, पुसून परत दिला आणि विचारलं, ‘हे घातल्यावर रॉडचं इंडेंट करावं लागत नाही ना?’ त्यांच्याकडे दोन महिने रॉड आलेले नव्हते.

साहित्याची गोष्ट निघाली की सर खुलतात. त्यांच्या संस्थेत एक लेथ हरिहरच्या मैसूर किर्लोस्करचा आहे. तो बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला, लेथ चालतो. त्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव बरीच वर्षं वर गेलेला आहे. वर असेपर्यंत लेथला धोका नाही, असं सर म्हणतात. शेजारच्या खोलीत नवं सीएनसी मशीन आहे. ते चालत नाही, पण नवं आहे. त्याला लागणारा वीजभार मंजूर व्हायचा आहे. मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरने एक दिवस ते जनरेटरवर चालवून दाखवलं. त्या दिवशी ज्या एका सरांनी ते नीट शिकून घेतलं, त्यांची पुढच्याच जून महिन्यात बदली झाली, जिथे ते मशीन नाही अशा संस्थेत. त्यांच्या जागी आलेल्या सरांचं सीएनसीचं प्रमाणपत्र आहे. ते त्यांना ऑनलाइन मिळालं, व्हिडिओ शेवटपर्यंत चालू ठेवल्याबद्दल.

ऑनलाइनचा विषय निघाला आहे तर कोपाच्या मॅडमविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. संस्थेतल्या समस्त गुरुजनांचे लॉगिन आणि पासवर्ड त्यांच्या एका वहीत आहेत. ‘कर्मयोगी’ या सरकारी प्रशिक्षणाच्या पोर्टलवर महिन्याच्या शेवटी कोणाचे किती अभ्यासक्रम बाकी, याची यादी ग्रुपवर पडली की सगळे सर चहाच्या सुट्टीत मॅडमच्या लॅबमध्ये जमतात. चोवीस संगणकांवर चोवीस व्हिडिओ लागतात, आवाज बंद. एका पडद्यावर कार्यालयीन शिष्टाचार, एकावर सायबर सुरक्षा. सायबर सुरक्षेच्या शेवटी प्रश्न येतो : आपला पासवर्ड इतरांना सांगावा का? मॅडम सर्वांच्या वतीने ‘नाही’वर टिचकी मारतात.

पद्धती बदलल्या की उद्बोधन वर्ग, हा तर वेगळाच अध्याय. आयटीआयच्या परीक्षा २०१३ साली वार्षिकच्या सहामाही झाल्या. तेव्हा सरांनी सत्र पद्धतीचे फायदे तीन दिवस ऐकले. २०१८ साली त्या पुन्हा वार्षिक झाल्या आणि सरांनी वार्षिक पद्धतीचे फायदे दोन दिवस ऐकले. २०२२ साली वर्षाचे १,६०० तास कमी करून १,२०० केले गेले. पहिल्या वर्षी त्यांतले १२० तास रोजगारक्षमता कौशल्यांचे, म्हणजे मुलाखत, संवाद, अर्ज वगैरे. ‘पोरगं मुलाखतीत छान बोलतं,’ सर म्हणतात, ‘मग ते लोक त्याला व्हर्निअर देतात.’

यावर कोणी म्हणेल, तुमची नुसती रड आहे, सरकार एवढं करतंय ते बघा. बघतोय. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयटीआयच्या सुधारणेसाठी पाच वर्षांची ६०,००० कोटींची योजना मंजूर केली. त्यात ३०,००० केंद्राचे, २०,००० राज्यांचे आणि १०,००० उद्योगांचे. १,००० सरकारी आयटीआय सुधारायच्या आहेत आणि ५०,००० प्रशिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं आहे. पन्नास हजारांचा आकडा वाचून, खोटं नाही सांगत, मला बरं वाटलं. एवढ्या मोठ्या योजनेत निदेशक नावाचा प्राणी कोणाला तरी आठवला. प्रशिक्षक घडवण्यासाठी ज्या पाच राष्ट्रीय संस्थांचा कायापालट व्हायचा आहे त्या भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर आणि लुधियाना इथल्या. मुंबईत चुनाभट्टीलाही अशी संस्था आहे, आपल्याकडच्या निदेशकांच्या कित्येक तुकड्या तिथून शिकून आल्या. पण ती या पाचांत नाही. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. चुनाभट्टीला जायचं तर लोकल लागते आणि लोकलच्या तिकिटावर प्रवासभत्ता तो किती निघणार? लुधियानाला जायचं म्हणजे बिलाला जरा वजन येतं. प्रश्न एवढाच की तिथे गेल्यावर सरांच्या हाती काय देणार, मशीनचं हँडल की रिमोट.

माझ्या मते उपाय फार साधा आहे आणि म्हणूनच तो होणार नाही. दर दोन-तीन वर्षांनी निदेशकाला तीन आठवडे चाकण, वाळूज, अंबड किंवा बुटीबोरीच्या एखाद्या चालू कारखान्यात सोडायचं. भाषण नको, स्मृतिचिन्ह नको. सेटरच्या शेजारी उभं राहायचं, टूल कसं बसवतात ते बघायचं, मग स्वतः बसवायचं, चुकलं तर सेटरच्या शिव्या खायच्या. मी ही कल्पना एका अधिकाऱ्यांपुढे मांडली. ते म्हणाले, कल्पना उत्तम आहे, पण याला हेड नाही. सभागृहाच्या भाड्याला हेड आहे, भोजनाला आहे, बॅनरला आहे, व्याख्यात्याच्या मानधनाला आहे. निदेशकाने मुकाट्याने काम शिकावं, याला हेड नाही. एका कारखान्याच्या व्यवस्थापकांशी बोललो तर त्यांचं म्हणणं वेगळंच. ‘पोरं पाठवा, अप्रेंटिस हवेच आहेत. सरांचं काय करू? त्यांना झाडू मारायला सांगता येत नाही.’ तरी तो कारखाना आणि सरांची संस्था यांच्यात सामंजस्य करार झालेला आहे. निळ्या फायली छातीशी धरून एकमेकांना देतानाचा फोटो संस्थेच्या पोर्चमध्ये लावलाय. त्यातले प्राचार्य निवृत्त झाले, व्यवस्थापक पुण्याहून चेन्नईला गेले, फायली तेवढ्या जागेवर आहेत.

तासिका तत्त्वावरच्या निदेशकाला या सगळ्याची झळ पोचत नाही. भरतीअभावी अर्धी कार्यशाळा त्याच्या जिवावर चालते, पण त्याला प्रशिक्षणाला बोलावण्याचा प्रश्न येत नाही. त्याला पैसे तासाचे मिळतात. शिकायला गेला तर तास बुडतो, आणि शिकून आला तर पुढच्या वर्षी तो असेलच याची हमी कोण देणार? परिणामी ताणतणावाचं व्यवस्थापन त्याला एकट्यालाच स्वतःचं स्वतः करावं लागतं.

तर फिटरचे सर पाच दिवसांनी परत आले. पोरांनी विचारलं, ‘सर, काय शिकून आलात?’ सर म्हणाले, ‘आधी तो तुकडा दाखव.’ तुकड्याला अर्थातच पोट होतं. सरांनी कानस घेतली, खडू चोळला आणि कामाला लागले. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी हेडक्लार्क कार्यशाळेत आले. प्रशिक्षणाच्या फलनिष्पत्तीची माहिती विहित नमुन्यात आज दुपारी चारपर्यंत पाठवायची होती. पत्रावर ‘अत्यंत तातडीचे’ असा शिक्का आणि तारीख मागच्या सोमवारची. रकाना सात : प्रशिक्षणात प्रत्यक्ष हाताळलेल्या यंत्रांची नावे. सरांनी लिहिलं, निरंक. रकाना आठ : त्यामुळे लाभ झालेल्या प्रशिक्षणार्थींची संख्या. निरंक. रकाना नऊ : अभिप्राय; पर्याय तीनच, ‘चांगले’, ‘उत्तम’ आणि ‘अतिउत्तम’. सरांनी ‘उत्तम’वर खूण केली, अतिउत्तम म्हटलं तर व्याख्याते म्हणून बोलावतील, अशी त्यांना भीती.

संध्याकाळी सहाला वरून फोन आला. निरंक माहिती या नमुन्यात चालत नाही, ती प्रपत्र ‘ब’मध्ये, दोन प्रतींत, एक्सेलमध्ये आणि शिवाय हस्ताक्षरात पाहिजे. जिल्ह्यातल्या बऱ्याच निदेशकांनी हीच चूक केल्याचं आढळल्यामुळे प्रपत्र ‘ब’ कसं भरावं, या विषयावर येत्या गुरुवार-शुक्रवारी निवासी प्रशिक्षण ठेवलं आहे. उपस्थिती अनिवार्य, सोबत आधारची प्रत आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो आणावेत.